विहिरीतली चार पिल्लं आणि माझी जीभ

आमच्या गुहागरच्या वाडीत शहाळं आधी उंदीर पितो, मग उरलं तर आम्ही. तो माडावर चढतो, कोवळ्या फळाला नीट गोल भोक पाडतो, पाणी संपवतो आणि रिकामं शहाळं खाली टाकतो. सकाळी ती गोळा करायचं काम माझं. पिंजरे लावून झाले, खोडांना पत्रे ठोकून झाले, मांजर पाळून झालं. त्या मांजराने उंदरांशी परस्पर तह केला असावा. शेवटी भाचीने सांगितलं की संभाजीनगरकडे काही मंडळी घुबडांसाठी लाकडी पेट्या टांगतात, घुबडं त्यात राहायला येतात आणि उंदीर कमी होतात. मी म्हटलं, जाऊन बघते. आमचे हे म्हणाले, "उंदरांवर उपाय म्हणून घुबड? आगीतून फुफाट्यात." मला अडवायचं असेल तर म्हण वापरू नये, हे त्यांना इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

मी शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. बोलण्याची मला हौस आहे, आणि माझ्या बोलण्याने आजवर कोणाचं फारसं बिघडलं नाही असा माझा समज होता. दिवाळीच्या आधीच्या त्या आठवड्यात तो समज गेला. तो कसा गेला हेच मुख्यतः लिहायचं आहे.

गुलमंडी, सोमवार

पेट्या टांगणाऱ्या मंडळींतले एक रफिकभाई. त्यांचं कापडाचं दुकान संभाजीनगरच्या गुलमंडीत एका गल्लीच्या तोंडाशी आहे. अस्तर, फॉल, ब्लाउजपीस आणि लेसची रिळं. आयुष्यभर पोरींना टाके शिकवलेल्या बाईला तिथून हलावंसं वाटत नाही. मी तासभर कापडच चाचपत बसले. रफिकभाई पन्नाशीचे, शिडशिडीत, गळ्यात टेप. त्यांनी चहा आणि खारी मागवली आणि पाणी देताना पेला अर्धाच भरला. आमच्याकडे पाहुण्यापुढे तांब्या भरून ठेवतात, म्हणून मी मनातल्या मनात नाक मुरडलं. नंतर गच्चीगच्चीवर पाण्याची पिंपं दिसली, इथे नळाला रोज पाणी येत नाही हे कळलं आणि मुरडलेलं नाक सरळ केलं. संपलं की ते पुन्हा अर्धा पेला देतात. त्यात थेंबही वाया जात नाही.

मग त्यांनी इम्रतीचा, म्हणजे मिठाईचा, एक खोका माझ्यापुढे उघडला. आत काळपट लाडू होते. मी एक उचलला.

"मावशी, नक्को," रफिकभाई घाईने म्हणाले. "ते खायचं नाय."

बघते तर लाडवाला केस. गव्हाणी घुबड, म्हणजे ते पांढऱ्या, बदामी आकाराच्या तोंडाचं, उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं, केस आणि हाडं पचत नाहीत. त्यांचा गोळा करून ते उलटून टाकतं. ही मंडळी घुबडांच्या बसायच्या जागेखालून असे गोळे वेचतात, वाळवतात, पाण्यात भिजवून फोडतात आणि आतल्या उंदरांच्या कवट्या मोजतात. रफिकभाईंनी एक गोळा बशीत भिजवून फोडला आणि धागे ओढायच्या चिमट्याने तीन कवट्या ओळीत मांडल्या. तीन उंदीर, एका गोळ्यात. मला आमची शहाळी आठवली आणि घाण वाटायची राहूनच गेली.

तेवढ्यात वंदनाताई आल्या. या मंडळींचं सगळं त्यांच्या जोरावर चालतं. फुलंब्रीच्या पुढच्या एका गावात त्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहेत, राहतातही तिथेच. बुटक्या, काळ्यासावळ्या, डोक्यावर हेल्मेट तसंच. नमस्कार झाल्याबरोबर त्यांनी मला नियम सांगितला: गावात देवाधर्माचं काही बोलायचं नाही. घुबड अशुभ नाही असं म्हणत वाद घालायचा नाही आणि शुभ आहे असंही सांगायचं नाही. कवट्या दाखवायच्या.

मी म्हटलं, एवढा खटाटोप कशाला? लक्ष्मीचं वाहन म्हणून सांगून टाका, लोक हात जोडतील.

"जोडतेत की, मावशी," वंदनाताई म्हणाल्या. "अन् दिवाळीच्या तोंडावर त्याच हातानं धरून इकतेत."

लक्ष्मीपूजनाला घुबड हाती आलं की पैसा येतो, असं खूळ काही डोक्यांत आहे. त्यासाठी ही पाखरं चोरून पकडतात, विकतात आणि मारतात. कायद्याने गुन्हा आहे, तरी चालतं. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, बाई तत्त्वाची आहे पण जरा ताठ आहे. संध्याकाळी रफिकभाईंच्या घरी नान खलिया, म्हणजे मटणाचा रस्सा आणि नान, खाल्ला. मासे खाणाऱ्या माणसालाही आपल्या रश्शाबद्दल विचार करायला लावील अशी ती चव होती. निघताना त्यांनी मला दीड मीटर पिवळं अस्तर भेट दिलं. ते पुढे कामाला येणार होतं, पण माझ्या ब्लाउजच्या नव्हे.

चिकलठाणा, मंगळवार

वंदनाताईंचे यजमान चिकलठाण्याला कारखान्यात कामाला आहेत. यंत्रं ज्या लाकडी खोक्यांतून येतात ती मोडली की फळ्या यांना मिळतात, आणि एका ओळखीच्या वर्कशॉपच्या मागच्या अंगणात त्यांच्या पेट्या होतात. फळ्यांवर बाण आणि काचेचा पेला छापलेला असतो, म्हणजे ही बाजू वर आणि जपून हाताळा. तो पेला पुसत नाहीत. पेटीला रंग अजिबात द्यायचा नाही, वासाने घुबड फिरकत नाही.

पहिल्या वर्षी यांच्या एकाही पेटीत घुबड आलं नव्हतं. का, ते रफिकभाईंनी स्वतःच सांगितलं, आणि सांगताना फळीकडे बघत रंधा मारत राहिले. "आपण कपडेवाले. मला वाटलं, उसको अंधेरा लगता, तर दाराला पडदा पायजे. सगळ्या पेट्यांना पडदे शिवले. फॉल लावून." वाऱ्याने पडदे फडफडायचे आणि घुबडं दुरूनच पळायची. वर्षभर सगळे जण दिशा चुकली, उंची चुकली असं म्हणत डोकं खाजवत होते. पडद्याबद्दल कोणाला शंका आली नाही, कारण शिवण फार सुंदर होती.

मीही एक पेटी ठोकली. एक खिळा वाकडा गेला आणि त्याचं टोक आतल्या बाजूला आलं. रफिकभाईंनी ते बोटाने चाचपलं, काही न बोलता खिळा उपटला आणि मला पुन्हा ठोकायला लावला. पिल्लाला लागेल, एवढंच म्हणाले.

विहिरीपाशी, बुधवार

गावाचं नाव मी लिहीत नाही, आणि का ते पुढे कळेल. फुलंब्री सोडल्यावर काळी रानं लागतात आणि त्या दिवसांत जिकडे तिकडे मका काढलेला असतो. आमच्याकडे जमीन दिसायला झाडं बाजूला सारावी लागतात. इथे नजर अडायला काही नाही, त्यामुळे पहिला दिवसभर मला उगाच उघड्यावर बसल्यासारखं वाटत होतं.

कैलासराव नावाच्या शेतकऱ्याची विहीर बघायला आम्ही गेलो. दगडी बांधकामाची जुनी विहीर, अर्ध्यापर्यंत पायऱ्या. काठापासून दोन पुरुष खाली एक दगड निखळून पडलाय आणि त्या भोकात घुबडांनी घर केलंय. आत बघायला वंदनाताईंची युक्ती ठरलेली आहे: त्या स्कूटीचा आरसा काढतात, लांब बांबूला बांधतात आणि वरून खाली सोडतात. आरशात मला चार पिल्लं दिसली, एकापेक्षा एक लहान, कारण अंडी एकेक दिवसाआड फुटतात. अंगावर कळकट कापूस आणि मध्ये लांबट चोच. आरसा पाहून चौघांनी मिळून असा फुत्कार काढला की मला घरचा कुकर आठवला. मी आयुष्यात इतकी कुरूप पोरं पाहिली नव्हती आणि मला ती तिथल्या तिथे आवडली.

विहिरीच्या शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये मक्याच्या कणसांची रास होती आणि राशीत उंदीर. दिवसाढवळ्या खसखस ऐकू येत होती. कैलासरावांनी एक कणीस उचलून दाखवलं. एका बाजूने दाणे, दुसऱ्या बाजूने नुसता बुरखुंडा. त्यांनी उंदरांच्या औषधाचा डबा आणून ठेवला होता आणि औषध टाकायचा दिवसही ठरवला होता. माणूस तापट नाही, अडाणी तर अजिबात नाही. त्यांची रास डोळ्यांदेखत संपत होती.

"मॅडम, आइतवारपोत्तर थांबतो," ते म्हणाले. "तवर उंदीर कमी झाले तर ठीक. नाय तर मला बोलू नका."

वंदनाताईंनी त्यांना परात आणि पाणी मागितलं. विहिरीच्या काठावर वेचलेले गोळे त्यात टाकले आणि फोडायला कैलासरावांनाच बसवलं. आपण फोडून दाखवायचं नाही, ज्याचं रान त्याने फोडायचं, ही त्यांची पद्धत. कवट्या निघत गेल्या तशा कैलासराव त्या परातीच्या काठावर मांडत गेले. मग वंदनाताईंनी औषधाचं सांगितलं. या औषधाने उंदीर लगेच मरत नाही, तीनचार दिवस झिंगत उघड्यावर फिरतो. असा सोपा उंदीर घुबड आधी पकडतं आणि पिल्लांना भरवतं.

"गेल्या साली पल्याडच्या शिवारात अशीच पाच व्हती," त्या म्हणाल्या. "आरसा आत घातला तर एकबी हललं नाय." एवढं बोलून त्यांनी आरसा पदराने पुसला आणि स्कूटीला परत लावायला घेतला. तो लागायला बराच वेळ लागला.

रविवारपर्यंत चार दिवस होते. उंदीर चढू नयेत म्हणून शेडच्या खांबांना पत्र्याच्या झालरी लावायच्या, रास मचाणावर चढवायची, पिंजरे लावायचे आणि मी ठोकलेली पेटी तिथेच टांगायची, असं ठरलं. मुक्कामाला मी वंदनाताईंकडे गेले. दारावर पंचशील झेंडा, आत वह्यांचे गठ्ठे. जेवायला बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं ते तीन घोटांत संपवायचं होतं, कारण पेला अर्धाच होता.

दुपट्याचं ठिगळ, गुरुवार

कैलासरावांची आई गयाबाई. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत. विहिरीतली ही चार पिल्लं त्यांना दिवाळीच्या आत तिथून गेलेली हवी होती. त्यांची नात बाळंतपणाला माहेरी येणार होती आणि दारात घुबड असताना पहिलटकरीण घरात आणायची म्हणजे काय, या विचाराने त्या अर्ध्या झाल्या होत्या. लेकाला त्या रोज एकच सांगत: औषध टाक, दोन्ही पिडा जातील.

बाकीचे झालरी ठोकत होते तेव्हा मी ओसरीवर गयाबाईंजवळ बसले. त्यांनी ट्रंकेतून बाळासाठी शिवलेली दुपटी काढून दाखवली. जुन्या लुगड्यांची, बारीक धावदोऱ्याची, काठाला लाल कापड. अशी शिवण आता कोणी शिकवत नाही. मीही कधी इतकी बारीक शिकवली नव्हती. त्यातली दोन उंदरांनी कुरतडली होती. मी पिशवीतून सुई काढली आणि ठिगळ लावायला घेतलं. त्या मला घुबडाच्या गोष्टी सांगत होत्या. घुबडाला दगड मारला तर ते तो उचलून नेतं आणि घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. म्हणून गावात एकही पोर घुबडाला दगड मारत नाही. सांगता सांगता त्या विहिरीकडे पाठ करून बसल्या. मला त्या बाईची फार दया आली.

इथे शहाण्या माणसाने सुईत दोरा ओवला असता. मी म्हटलं, "अहो, घाबरता काय? लक्ष्मीचं वाहन ते. दिवाळीच्या तोंडावर दारात आलंय, तेही लेकरं घेऊन. याच्यापेक्षा शुभ काय असतं?"

गयाबाईंचा चेहरा असा उजळला की मला स्वतःचं कौतुक वाटलं. चार दिवसांचं काम मी एका वाक्यात केलं होतं. वंदनाताईंना मात्र मी हे सांगितलं नाही. म्हणजे आपण काय केलंय ते मला आतून ठाऊक होतं.

शुक्रवार

सकाळी विहिरीवर बायकांची रांग होती. हळदकुंकू, उदबत्त्या, ताटात दिवे. गयाबाई पुढे उभ्या राहून सगळ्यांना बोट दाखवत होत्या. कोणीतरी काठावर नारळ फोडला. तो आवाज विहिरीत घुमला आणि घुबडांची मादी उन्हात बाहेर पडली. तिच्यामागे कावळे लागले. ती बाभळीत शिरली, तिथूनही हुसकली गेली आणि दूर रानाकडे दिसेनाशी झाली. बायका काठावरून वाकून आत बघत होत्या. थोरलं पिल्लू बिचकून भोकाच्या तोंडाशी आलं, त्याचा पाय सटकला आणि ते खाली पाण्यात पडलं.

बायकांना बाजूला सारत मी काठाशी गेले.

शेडच्या खांबावर झालर ठोकत असलेले कैलासराव हातोडा टाकून धावले. पायऱ्या संपल्यावर मोटारीच्या पाइपला धरून ते खाली उतरले आणि कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी त्या जिवाला तळहातावर घेतलं. वंदनाताईंनी दोरीला टोपली बांधून खाली सोडली. वर आलं तेव्हा ते एवढंसं झालं होतं, भिजलेल्या वातीएवढं, आणि चोच उघडी. मी पिशवीतलं पिवळं अस्तर काढून त्याला गुंडाळलं. ठेवायचं कुठे? समोर गयाबाई बसल्या होत्या. मी ते त्यांच्याच मांडीवर दिलं.

त्या आधी आक्रसल्या. मग त्यांनी अस्तराची कड थोडी मागे सारली.

"लई वंगाळ दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या. "आमचा कैलास बी असाच व्हता, जलमला तवा."

तासाभराने ते फुत्कारलं. मग वंदनाताईंनी टोपलीला बांबू लावून ते पुन्हा भोकात सोडलं. सगळ्यांना लांब पाठवलं आणि आम्ही शेडमधून विहिरीकडे डोळे लावून बसलो. आई परत आली नाही तर चारही जाणार होती. दिवस मावळताना ती आली. पंखांचा आवाज नाही. होती नव्हती अशी विहिरीत उतरली. वंदनाताईंनी तेव्हा पहिल्यांदा पाणी मागितलं.

पण त्याआधी, दुपारीच, मोटारसायकलवरून एक माणूस येऊन गेला होता. गॉगल, पांढरी पँट. पिल्लं किती आहेत, केवढी आहेत असं त्याने कैलासरावांना विचारलं. म्हणाला, घुबड बसल्याचं सकाळीच कानावर आलं, लक्ष्मीपूजनाच्या आत न्यायचंय, काय ते बोला. कैलासराव "बघू" म्हणाले. हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तो माणूस "पुन्हा येतो" म्हणून गेला. वंदनाताईंनी वनरक्षकाला फोन करून कळवलं. त्याने सांगितलं की येतो, पण त्याच्याकडे गावं पुष्कळ आहेत.

सांगणं भागच होतं. मी वंदनाताईंना म्हटलं, हे माझ्यामुळे झालं. गुरुवारचं सगळं सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील, आणि चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मला कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मावशी, तुम्हीच बोललात, आता तुम्हीच निस्तरा. उद्या घरोघर जाऊन सांगा, खोटं बोलले म्हणून. म्या येणार नाय."

त्या रात्री मी भाकरी तशीच झाकून ठेवली. साठ वर्षांत मी पुष्कळ लोकांच्या चुका काढल्या होत्या. स्वतःची चूक दारोदार जाऊन सांगायची वेळ आली नव्हती. सकाळची पहिली गाडी धरून पळून जावं असंही मनात आलं. पण आरशातली ती चार तोंडं डोळ्यांसमोरून हलेनात, आणि मग मनाशी ठरवून टाकलं की जायचं आणि पहिलं गयाबाईंकडे जायचं.

परात, शनिवार

कैलासरावांच्या अंगणात आठदहा बायका मक्याची कणसं सोलत बसल्या होत्या. मी वंदनाताईंकडचे गोळे एका डब्यात घेतले होते. परात मागून घेतली, पाणी ओतलं, सगळ्यांच्या मध्ये बसले आणि म्हटलं, परवा मी खोटं बोलले. घुबड शुभ आहे की अशुभ, मला काही माहीत नाही. मला उंदीर माहीत आहेत, कारण माझ्या घरी ते माझी शहाळी पितात.

हात थांबले. गयाबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मंग परवा कामून बोलल्या?"

"तुम्ही घाबरू नये म्हणून."

"म्या काय लहान लेकरू हाय व्हय?"

मी मान खाली घालून गोळा फोडायला लागले. मग आठवलं की आपण फोडायचा नसतो. परात त्यांच्यापुढे सरकवली. कितीतरी वेळ त्यांनी हात लावला नाही. बायका पुन्हा कणसं सोलायला लागल्या. मला वाटलं, गेलं सगळं. पण मी उठले नाही. दुपार झाली तरी उठणार नव्हते. शेवटी गयाबाईंनी बाही मागे सारली आणि पाण्यात हात घातला. त्यांना जवळचं नीट दिसत नाही, त्या बोटांनीच चाचपत होत्या. एक कवटी त्यांनी चिमटीत धरली आणि पुढच्या वाकड्या दातांवरून अंगठा फिरवला, दोनदा, तीनदा.

"हे दात म्या वळखते," त्या म्हणाल्या. "माझी दुपटी यांनीच कुरतडली." त्यांनी कवटी परातीच्या काठावर ठेवली आणि दुसरी शोधायला लागल्या. मग शेजारणीने हात घातला, मग तिच्या जावेने. थोड्या वेळाने परातीचा काठ भरला आणि एकीने कवट्या मांडायला सूप आणलं. मी एक अक्षर बोलले नाही. माझ्यासाठी तोही एक प्रवासच होता.

तिथून मी गावात बावीस घरी गेले. प्रत्येक ओट्यावर तेच सांगितलं. काही हसल्या, एकीने दार लावून घेतलं, दोघींनी चहा दिला. संध्याकाळी परत येताना विहिरीकडे पाहिलं तर काठाजवळ बाज टाकलेली होती आणि तिच्यावर गयाबाई काठी घेऊन बसल्या होत्या. रात्री तिथे कोण राहणार म्हणून कैलासराव वाद घालत होते. शेवटी त्यांनीही आपली गोधडी आणली.

रविवार

रफिकभाई सकाळीच गुलमंडीहून आले. आम्ही शेडच्या आढ्याला पेटी टांगत होतो, माझी, उपटून पुन्हा ठोकलेल्या खिळ्याची. तेवढ्यात मोटारसायकल आली. तो गॉगलवाला थेट कैलासरावांकडे निघाला होता, पण वाटेत बाज होती.

"काय पायजे?" गयाबाईंनी विचारलं.

तो नम्रपणे म्हणाला, आजी, लक्ष्मीचं वाहन न्यायला आलोय, तुमचंही भलं होईल.

"लक्ष्मीचं वाहन हितं नाय," गयाबाई म्हणाल्या. "हितं उंदीर खाणारी पाखरं हायेत, अन् ती माझ्या घरची हायेत. माझ्या नातीच्या लेकराचं दुपटं राखतेत. हात तर लाव."

त्याने कैलासरावांकडे पाहिलं. कैलासराव शिडीवरून उतरले, आईशेजारी जाऊन उभे राहिले आणि वनरक्षकाला लावलेला फोन त्यांनी कानाला धरला. तो माणूस गेला. गाडीचा नंबर रफिकभाईंनी खडूने पेटीच्या तळावर लिहून घेतला, पेल्याच्या चित्राशेजारी.

निघताना कैलासरावांनी औषधाचा डबा वंदनाताईंच्या हातात दिला. सील फोडलेलं नव्हतं. उंदीर संपले होते का? नाही. राशीत अजून खसखस होती, थोडी कमी. "पोरं उडेस्तोवर थांबतो," कैलासराव म्हणाले. "मंग बी बघू." या वेळच्या "बघू"ला वंदनाताई हसल्या. आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं, आणि वरच्या दातांत त्यांना फट आहे हे मला कळलं.

घरी

परत येऊन आता दीड महिना झाला. परसातल्या उंच माडावर एक नवी पेटी ठोकून चढवली आहे, रंग न देता, पडदा न लावता. अजून रिकामी आहे. आमचे हे रोज खालून बघतात आणि काही म्हणत नाहीत, ते म्हणीपेक्षा जास्त लागतं. शेजारच्या वहिनी विचारत होत्या की घुबड लक्ष्मीचं वाहन ना, मग पेटीला हळदकुंकू लावायचं का? जिभेच्या टोकावर दहा उत्तरं आली. मी ती गिळली, आणि तिथून आणलेल्या कवट्यांची डबी उघडून त्यांच्या हातावर ठेवली. वहिनींनी किंचाळून डबी टाकली. सगळ्या कवट्या मी अंगणातून वेचून घेतल्या, आणि उद्या पुन्हा दाखवणार आहे.

परवा गयाबाईंचा फोन आला. नातीला मुलगी झाली. दुपटं पांघरून निजली आहे, ठिगळ अजून टिकलंय. विहिरीतली चारही उडाली, पाण्यात पडलेलं सगळ्यांत शेवटी. त्यातलं एक शेडमधल्या पेटीत बसतं असं वाटतंय. बाज मात्र त्यांनी विहिरीवरून हलवलेली नाही.

"तुमच्या पेटीत आलं का काही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, अजून नाही.

"येईल," गयाबाई म्हणाल्या. "तेवढं खोटं बोलू नका, मंजे येईल."